न उघडलेलं पाकीट

सान ओरेन्सियो गावच्या काव्यस्पर्धेचे नियम बिशपनंही मोडले नसते. कवितेवर कवीनं नाव घालायचं नाही. तीन प्रती टाइप करून पाठवायच्या, वर एखादं खूणवाक्य लिहायचं, आणि तेच खूणवाक्य लिहिलेल्या लाखबंद पाकिटात आपलं नाव-पत्ता घालायचा. परीक्षक कोण हे कवींना ठाऊक नसे आणि कवी कोण हे परीक्षकांना. जिंकलेल्या कवितेचं खूणवाक्य आधी वर्तमानपत्रात छापायचं, आणि पाकीट सान मार्तिनच्या जत्रेत, थिएटरच्या रंगमंचावर, गव्हर्नरसाहेब आणि उत्सवराणी यांच्यासमोर फोडायचं, आणि राणीच्या हातून कवीला मानाचं फूल द्यायचं. हरलेल्यांची पाकिटं मात्र निकाल ठरला की त्याच दिवशी, न उघडता, कवितांसकट जाळून टाकायची. हरलेल्याची लाज झाकली जावी म्हणून कुणा भल्या माणसानं हा रिवाज पाडला होता. भल्या माणसांनी पाडलेल्या रिवाजांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं चोरांनीही केलं नसेल.

दामियान लुम्ब्रेरास हा त्या वर्षीचा चिटणीस आणि तिसरा परीक्षक. वय अठ्ठावन्न, नगर वाचनालयाचा ग्रंथपाल, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे आणि चांगलं बोलण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं. तरुणपणी तो कविता करायचा. यादवी युद्ध संपलं त्या वर्षी थांबला. त्याला आता सतरा वर्षं झाली होती, आणि या सतरा वर्षांत तो सगळ्या बाबतीत मूग गिळून बसला होता.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला नदीवरून धुकं उठलं ते हलायलाच तयार नव्हतं. सोमवारी दुपारी तिघे परीक्षक क्लबच्या वरच्या दालनात गोल टेबलाभोवती बसले. टेबलाखाली शेगडी, तिच्याभोवती पाय, आणि टेबलावर एकेचाळीस कविता. चार वाजेपर्यंत एकोणचाळीस बाद झाल्या. त्यांतल्या सव्वीस गव्हर्नरसाहेबांच्या पत्नीवर होत्या.

"ही बघा," फादर मोदेस्तो म्हणाले. ते मोठ्या चर्चचे वृद्ध पाद्री, परीक्षकांचे प्रमुख. "नावाड्याची. दामियान, तुम्हीच वाचा. माझा आवाज बसलाय."

"आवाज नाही बसला, फादर, डोळे भरलेत," दुसरे परीक्षक, कर्नल आर्तेचे, म्हणाले. "वयाचा परिणाम."

दामियाननं कागद घेतला. खूणवाक्य होतं, 'चांगला कान पैलतीराकडे'. तिसऱ्या ओळीपाशी त्यानं कागद जरा जवळ धरला. कवितेतला नावाडी एका कानानं बहिरा होता, आणि दुसरा, चांगला कान तो नेहमी पलीकडच्या काठाकडे करून बसायचा, हाक चुकू नये म्हणून. त्या नावाड्याला दामियान ओळखत होता. शाळा बुडवून दोन पोरं त्याच्या होडीत जाऊन बसत, तो त्यांना बलुताच्या झाडाची भाजलेली फळं खायला द्यायचा. त्यांतलं एक पोर दामियान होता. दुसरं एलादियो कोर्चेरो.

त्यानं कविता शेवटपर्यंत वाचली. आवाज हलू दिला नाही, ही कला त्याला साधली होती.

"छान आहे हो, पण यात देव कुठाय?" कर्नल म्हणाले. "देश कुठाय? एक होडी आणि एक बहिरा म्हातारा. आणि हे सात जण कोण, ज्यांना तो पार नेतो? कुठल्या वर्षाची गोष्ट आहे ही?"

"पुराच्या वर्षाची असेल," फादर घाईघाईनं म्हणाले. युद्धात पैलतीरी नेऊन गोळ्या घातलेल्यांचा विषय गावात कुणी काढत नसे.

"पुरात माणसं होडीतून परतही येतात, फादर. ही आली नाहीत." कर्नलनी दुसरा कागद पुढे सरकवला. "मला आपलं हे गव्हावरचं सुनीत बरं वाटतं. यमक जुळतं, आई आहे, मातृभूमी आहे. आता तुम्ही म्हणाल, शिपाईगड्याला साहित्यातलं काय कळतं. पण वाचन माझंही आहे म्हटलं! फ्रँक डॅलबीच्या एकूण एक कादंबऱ्या वाचल्यात मी. पहिल्या तीन पानांत तीन मुडदे. याला म्हणतात लेखणी!"

दामियाननं मान खाली घातली. फ्रँक डॅलबी हा कुणी अमेरिकन नव्हता. तो कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचा, त्याचं फुप्फुस सडलं होतं आणि त्याचं खरं नाव एलादियो कोर्चेरो होतं. युद्धाआधी त्याच्या दोन कादंबऱ्या आणि एक कवितासंग्रह निघाला होता, राजधानीतले लोक त्याला पत्रं लिहीत. युद्धानंतर, हरलेल्या बाजूचा म्हणून, त्यानं आठ वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर त्याचं नाव कुठल्याही पुस्तकावर छापायला बंदी होती, म्हणून तो पोटासाठी दर पंधरवड्याला काउबॉयची एक कादंबरी पाडायचा. रेल्वेच्या स्टॉलवर त्या हातोहात खपत. त्याची जुनी पुस्तकं वाचनालयाच्या फळीवरून काढून तळघरात टाकायचा हुकूम आला होता, तो दामियाननंच बजावला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं.

आणखीही एक गोष्ट होती, आणि ती या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. दोघांनी मिळून लपूनछपून एक मासिक चालवलं होतं. एलादियोला पकडलं तेव्हा 'तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?' हा प्रश्न त्याला अकरा दिवस विचारला गेला. दामियानला कधीच कुणी बोलावलं नाही. त्यावरून उत्तर काय दिलं गेलं ते दामियानला कळलं. त्याचे आभार त्यानं मानले नाहीत. आभार मानायचे तर त्या घरी जायला हवं होतं, आणि त्या घरावर पोलिसांची नजर असायची. नऊ वर्षांत तो तिथे दोनदा गेला.

"एक मत माझं, एक कर्नलचं," फादर म्हणाले. "चिटणीस, आता तुमच्यावर आहे. घाई नको. आम्ही खाली कॉफी घेऊन येतो."

दामियान एकटा उरला. शेगडीजवळ पाण्याचं भांडं वाफाळत होतं. समोर दोन पाकिटं होती.

त्याला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसू लागलं. भरलेलं थिएटर, पांढऱ्या पोशाखातली उत्सवराणी, हातात खरंखुरं फूल. फादर लाख फोडतात, आणि मोठ्यानं वाचतात: एलादियो कोर्चेरो. गव्हर्नरसाहेब उठून उभे राहतात. मग विचारलं जातं, हे परीक्षक कोण होते? यांतला कोण त्याचा जुना दोस्त? दामियाननं मनाला समजावलं की आपण एलादियोसाठी घाबरतोय. त्याला पुन्हा नेतील, त्या छातीनं तो कोठडीत आठवडाही काढणार नाही. हे खोटं नव्हतं. पण त्याच्या तळहातांना जो घाम सुटला होता तो एलादियोसाठी नव्हता, स्वतःच्या नोकरीसाठी, घरासाठी, सतरा वर्षांच्या शांततेसाठी होता.

पाकीट वाफेवर धरून हळूच उघडता आलं असतं. आत काय आहे ते बघून पुन्हा चिकटवताही आलं असतं, लाखेची कांडी खिशात होती. पण नियम म्हणजे नियम. न जिंकलेलं पाकीट उघडणं त्याला पाप वाटलं. मित्राचा गळा कापायला हात धजला, पाकिटाला मात्र कचरला. प्रामाणिक माणसांचं हे असंच असतं.

त्यानं कविता पुन्हा वाचली. मग पुन्हा. दोघं वर येईपर्यंत त्यानं ती आठ वेळा वाचली.

"सुनीत," तो म्हणाला.

"वा!" कर्नल म्हणाले.

फादरनी नावाड्याचा कागद उचलून त्याच्यापुढे ठेवला. "मला वाटलं होतं, तुम्हाला तरी कविता कळते," ते म्हणाले, आणि कोट चढवून निघून गेले.

जाळण्याचं काम चिटणिसाचं. त्यानं शेगडी टेबलाखालून बाहेर ओढली आणि चाळीस कविता एकेक करून निखाऱ्यांवर ठेवल्या. नावाड्याच्या तिन्ही प्रती त्यानं शेवटी ठेवल्या. पाकीट पेटायला वेळ लागला, लाख आधी वितळली आणि निखाऱ्यांवर सांडली. त्याच्या बोटांना दोन दिवस लाखेचा वास येत होता. बाकी काही झालं नाही.

जत्रेत औषधवाल्याच्या पुतण्याला फूल मिळालं. त्यानं गव्हाचं सुनीत इतक्या जोरात म्हटलं की उत्सवराणी दचकली. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रात परीक्षकांची नावं छापून आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात एलादियोची बायको ब्रिहिदा येऊन उभी राहिली. डोक्याला काळा रुमाल, हातात भाजीची पिशवी.

"भावजी, त्यांनी बोलावलंय तुम्हाला."

दामियाननं आधी इकडेतिकडे बघितलं. वाचनालयात फक्त एक म्हातारा होता, तो वर्तमानपत्रावर झोपला होता. "बरं नाहीये का त्याला?"

"बरं कधी होतं?" ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत दिवस काढले तर खूप झालं."

"संध्याकाळी येतो. जरा अंधार पडला की."

"अंधार कशाला पडायला हवा?" ब्रिहिदानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मरणाऱ्या माणसाला भेटायला परवाना लागत नाही, भावजी. आणि लागत असेल तर तुमचे नगरपालिकेत चिक्कार ओळखीचे आहेत की. आत्ता चला."

तो गेला. तोंडात मारल्यासारखा तिच्यामागून गेला, पण चार पावलं अंतर ठेवून.

एलादियोची खोली कातड्याच्या वासानं भरलेली होती. त्या गल्लीत सगळंच तसं. तो उशांना टेकून बसला होता. इतका वाळला होता की दामियानला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच घरात आलो.

"या, परीक्षक!" एलादियो म्हणाला. आवाज तोच होता. "बस. त्या खुर्चीवरचा शेरीफ उचल आणि खाली ठेव. अर्धाच मेलाय तो, उरलेला पुढच्या आठवड्यात मारायचाय."

दामियाननं टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि बसला. ब्रिहिदा स्वयंपाकघरात गेली. तिथून काबुली चण्यांची आमटी उकळल्याचा वास येऊ लागला.

"पेपरात तुझं नाव वाचलं आणि हसून हसून रक्त ओकलो मी," एलादियो म्हणाला. "स्पर्धेत माझी एक कविता होती. नावाड्याची. ओळखलीस?"

"नाही," दामियान म्हणाला. हे इतक्या पटकन तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"असं? आपल्या होडीवाल्या किकोकाकाची होती की रे! असो. म्हातारपण. बरं, पाकिटात नाव कुणाचं होतं, सांग बघू."

"तुझं."

"माझं?" एलादियोनं डोळे मोठे केले. "छाती सडलीय माझी, डोकं नाही. माझं नाव त्या थिएटरात फोडून काय मिळणार होतं, बेड्या? तुझं नाव होतं, गाढवा! दामियान लुम्ब्रेरास, नगर वाचनालय."

दामियान दाराकडे बघू लागला.

"ब्रिहिदालाही पटलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, सबंध गावात एवढं स्वच्छ नाव दुसरं नाही. सतरा वर्षं मी ते जपलंय, एकदा तरी वापरू दे की. खूणवाक्य पेपरात आलं असतं की हिला तुझ्याकडे धाडणार होतो, की घाबरू नकोस, उठ आणि वाच. आवाज तुझा चांगला आहे. कविता लोकांच्या कानावर गेली असती, तुला फूल मिळालं असतं, कदाचित तू पुन्हा लिहायलाही लागला असतास. आता कळतंय की तूच परीक्षक! जिंकली असती तर काय तमाशा झाला असता! बरं झालं हरली."

तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. थांबला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं.

"आता खरं सांग," तो म्हणाला. "कशी होती?"

"म्हणजे?"

"कविता कशी होती? एलादियो कोर्चेरोला या गावात एवढंच विचारायचंय. दोन कादंबऱ्या तळघरात आहेत, सव्वादोनशे शेरीफ स्टॉलवर आहेत. तुरुंगातून आल्यावर माझी म्हणावी अशी ही एकच गोष्ट केली. नऊ वर्षं घोटली ती. वाईट असली तर वाईट म्हण, मला चालेल. पण जाताना माहीत असायला हवं. तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे."

हीच ती वेळ होती. 'ती सगळ्यात चांगली होती' एवढं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग जिंकली का नाही? त्या प्रश्नाचं उत्तर दामियान स्वतःच होता.

"चांगली होती," तो म्हणाला. "मधला भाग जरा सैल पडला होता."

"सैल." एलादियोनं मान हलवली. "असेल. मधल्या भागावरच जास्त कष्ट घेतले होते. जास्त कष्टांनीच सैल पडतं कधीकधी." तो भिंतीकडे बघू लागला. भांडणारा, शिव्या देणारा एलादियो दामियानला माहीत होता. निमूटपणे मान हलवणारा हा एलादियो त्याला बघवेना.

"एक काम करशील?" थोड्या वेळानं एलादियो म्हणाला. "मला तिचा शेवट आठवत नाही. तापात गेला. घराची झडती होते म्हणून प्रत ठेवली नव्हती, सगळं डोक्यातच. तिन्ही प्रती जाळल्यास?"

"नियम आहे."

"हो, नियम आहे. शेवटच्या ओळी तरी आठवतात का तुला? ते सात जण पार जातात, त्याच्यापुढचं."

दामियाननं आठवायचा प्रयत्न केला. पण पाठ झालेली गोष्ट अशी मधूनच धरता येत नाही, पहिल्यापासून यावं लागतं. तो हळूहळू सुरुवातीपासून म्हणू लागला. बहिऱ्या कानापासून, बलुताच्या भाजलेल्या फळांपासून. त्याला वाटलं होतं कुठेतरी अडखळेल. अडखळला नाही.

"पैलतीरी कोण उभं आहे, हे तो विचारत नसे,
हाक आली की दोर सोडायचा, एवढंच त्याला ठाऊक."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. ब्रिहिदा दारात येऊन उभी राहिली, हातात पळी तशीच. दामियानचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. सतरा वर्षांनी तो मोठ्यानं काहीतरी म्हणत होता, आणि त्याचा आवाज खरोखरच चांगला होता.

"त्या सकाळी सात जणांना त्यानं पार नेलं.
येताना होडी हलकी होती, वल्ही जड.
काठावरच्या बायांनी विचारलं, कोण कोण होते रे?
त्याला एकाचंही नाव सांगता येईना.
तेव्हापासून नाव विचारल्यावाचून
तो कुणासाठी दोर सोडत नाही."

तो थांबला. एलादियो डोळे मिटून होता. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते सुखाचं की दुःखाचं ते कळत नव्हतं.

"किती वेळा वाचलीस?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"आठ."

"सैल कविता कुणी आठ वेळा वाचत नाही, दामियान." मग थोड्या वेळानं, "मतं कशी पडली?"

"फादर तुझ्या बाजूनं होते. रडलेसुद्धा. कर्नल सुनिताच्या बाजूनं."

तिसऱ्या मताबद्दल एलादियोनं विचारलं नाही. तीनपर्यंत मोजायला त्याला यायचं.

"घाबरलास," तो म्हणाला.

"हो," दामियान म्हणाला. "मला वाटलं, आत तुझं नाव आहे."

"उघडून बघायचंस."

"नियम होता रे."

एलादियोला हसू आलं, पण खोकल्याच्या भीतीनं त्यानं ते आवरलं. "म्हणजे चांगली होती," तो म्हणाला.

"फार चांगली होती. मी आजवर वाचलेल्या सगळ्या..."

"पुरे. आता नको." त्यानं हात वर केला. "लिहून दे. ब्रिहिदा, याला कागद दे."

ब्रिहिदानं टेबल मोकळं करून दिलं. दामियान लिहायला बसला. बाहेर दुपार झाली होती, धुकं तेवढंच होतं, गल्लीत कुणीतरी कातडी बडवत होतं. सबंध कविता लिहून व्हायला अर्धा तास लागला. एका शब्दाचीही खाडाखोड करावी लागली नाही. शेवटच्या ओळीखाली आल्यावर त्याची लेखणी थांबली.

"खाली कुणाचं नाव लिहू?" त्यानं विचारलं.

"ज्याची तुला भीती वाटत नाही, त्याचं लिही," एलादियो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दामियान बसून राहिला. एलादियोचा श्वास ऐकू येत होता, दर श्वासाला काहीतरी फाटल्यासारखा. आत शाईची दौत होती, कागद होता, ते तिघे होते. तरी त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा खालच्या गल्लीकडे जात होतं. ब्रिहिदा त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनं कागदाच्या खालच्या कोऱ्या जागेकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"इथे तर आपण तिघंच आहोत, भावजी," ती म्हणाली.

दामियान उठला. त्यानं आधी खिडकी लावून घेतली, कडी नीट बसली का ते बघितलं, आणि मग येऊन लेखणी उचलली.